'टाकाऊ' नावाचा फोल्डर

३ तारीख
आजपासून मी सफाई खात्यात. दवाखान्यांत नंबर लावायच्या आमच्या सॉफ्टवेअरचे फोल्डर 'जरा नीट लावायचं' काम साहेबांनी माझ्या गळ्यात मारलं. उघडून पाहिलं – 'नवीन', 'नवीन२', 'शेवटचं', 'खरंच शेवटचं'. त्याच्या पोटात पुन्हा 'नवीन'. धन्य!

कुठे काय आहे ते फक्त काकांना ठाऊक. काका म्हणजे आमचे सर्वांत जुने प्रोग्रामर, अकरा वर्षं त्याच खुर्चीत. म्हणूनच त्यांना सुट्टी मिळत नाही. लेकीला मुलगा होऊन पाच महिने झाले, हे अजून नातवाला फोनवरच बघतायत. पसारा आवरला की त्यांना पाठवायचंच, असं मी ठरवून टाकलंय.

४ तारीख
'टाकाऊ' नावाचा फोल्डर उडवला. वाचता येतं मला, शाळेत गेलेय. – तीन दवाखाने ठप्प! प्रोग्राम नेमका तिथूनच तारखा उचलत होता.

काका उठले, दोन मिनिटांत सगळं पूर्ववत. "अगं, नाव टाकाऊ आहे. टाकायचा नाही तो."
हे लिहून कुठे ठेवलंय?
"डोक्यात."
उत्तम सोय. फक्त तिथे आम्हाला शिरता येत नाही, एवढंच.

९ तारीख
काका शेजारी बसून सांगतात, मी हलवते. प्रोग्राम एकीकडे, चाचण्या दुसरीकडे, सेटिंग तिसरीकडे. प्रत्येक फोल्डरात, आत काय आहे त्याची चिठ्ठी. चिठ्ठ्या काकाच लिहितात, अगदी पहिलीच्या पोराला कळेल अशा.
"मी नसलो तरी सापडेल ना?"
डोळे मिटून, म्हटलं. ते बराच वेळ चष्मा पुसत बसले.

१२ तारीख
झालं! 'टाकाऊ'चं नाव आता 'तारखा'. अकरा वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं.

१५ तारीख
मीटिंग. साहेबांनी कौतुक केलं – म्हणजे मान हलवली. संधी साधून मी काकांच्या सुट्टीचा विषय काढला. "काका नसले तरी आता काही अडणार नाही, सर." साहेबांनी ते चक्क वहीत लिहून घेतलं. ती वही कोरी नाही हे आज कळलं.

१९ तारीख
काकांना सुट्टी मिळाली. कायमची. पत्रात कारण दिलंय – माझंच वाक्य, शब्दाला शब्द. मला स्वतःची लाज वाटते.
जाताना ते माझ्या टेबलापाशी थांबले. "सगळं सापडतंय ना?"
मी हो म्हटलं.