श्वास विसरणारी नात

१२ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

धाकटीला मुलगी झाली, वेळेच्या फार आधी. वजन नऊशे ग्रॅम. माझा शब्दकोश याहून भारी. काचेच्या पेटीत ती पहाटेच्या दवबिंदूसारखी दिसते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फुप्फुसं कच्ची आहेत, अंगात ऊब धरत नाही, जंतूंची भीती आहे. वाचेल ना, असं विचारलं तर म्हणाल्या, अशी बरीच बाळं आता वाचतात, पण शब्द देत नाही.

आज जरा स्थिर आहे. आता तिला कुणाच्या तरी उघड्या छातीवर ठेवायचं, म्हणजे ऊब मिळते. धाकटी तापानं फणफणलीय, जावईबापू बोटीवर, भर समुद्रात. नर्सबाईंनी सगळीकडे पाहिलं आणि नाइलाजानं माझ्याकडे पाहिलं. उद्यापासून मी रुजू.

लोभ असू दे, काळजी मी करतोच आहे.
तुझा धाकटा भाऊ

१६ जून

चि. मास्तरास,
अ. उ. आ.

दवबिंदू राहू दे, मूल आहे ते. छातीवर घेण्याआधी स्वच्छ आंघोळ कर आणि तो सांधेदुखीचा मलम लावून जाऊ नकोस, पोर शिंकेल. कविता तर अजिबात म्हणू नकोस. तुझ्या वर्गात पहिल्या कडव्याला पोरं पेंगायची, दुसऱ्याला घोरायची. टोपी विणून पाठवते आहे. माप तू कळवणार नाहीसच, म्हणून अंदाजानं विणली.

माया आहे म्हणून बोलते.
अक्का

२३ जून

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

टोपी पोचली. नात तीत अख्खी मावते. नर्सबाई विचारत होत्या, ही पिशवी कुणी पाठवली.

तुझं ऐकलं नाही, अक्का. काल हलक्या आवाजात शाळेतली नदीची कविता धरली. पहिल्या कडव्याला ती झोपली. तिसऱ्याला तिचा श्वास मोजणारं यंत्र किंचाळायला लागलं. पाहतो तर ओठ निळे. नर्सबाई आल्या, तिच्या पायाच्या तळव्यावर बोटानं टिचकी मारली आणि तिनं श्वास घेतला. म्हणाल्या, आजोबा, एवढ्या लहान बाळांचा मेंदू कच्चा असतो, झोपेत श्वास घ्यायचा विसरतात. कवितेचा दोष नाही, कविता काही एवढी वाईट नव्हती.

पण मी सांगून टाकलंय, आता छातीवर घेणार नाही. पेटीतच बरी. तू रागावशील, रागाव.

तुझा भित्रा भाऊ

२६ जून

चि. मास्तरास,
अ. उ. आ.

रागावलेच आहे. तुला भीती वाटली म्हणून पोरीची ऊब काढून घेतोस? वर्गात पोरगं उत्तर विसरलं की तू उठून घरी जायचास का? बाकाशी थांबायचास, आठवण करून द्यायचास. इथेही तेच काम आहे. पत्र वाचून झालं की सदरा काढ आणि जाऊन बस. हवं तर कविताही म्हण. जगात कंटाळा असतो आणि तरी जगायचं असतं, हे तिला लवकर कळलेलं बरं.

उलट टपाली बसल्याचं कळव, नाहीतर मीच येते.
अक्का

१८ ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तू येशील या धाकानं पत्र मिळालं त्याच दिवशी जाऊन बसलो, तसं उलट टपाली कार्डही टाकलं होतं. एक बोट सारखं तिच्या तळव्याशी. विसरली की टिचकी, परत विसरली की परत टिचकी. मध्येच चार दिवस जंतूंनी गाठलं. त्यातूनही पोर निघाली. धाकटी बरी झाल्यावर आमच्या पाळ्या लागल्या. पाळी संपली तरी मी उठत नाही, अशी माझी तक्रार डॉक्टरीणबाईंकडे गेली.

काल नातीला घरी आणलं. वजन दोन किलोच्या वर, आवाज त्याहून मोठा. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तपासण्या चालू ठेवायच्या, पण आता श्वास विसरत नाही, यंत्राची गरज नाही. यंत्र नाही म्हणून मी पाळण्याशी खुर्ची टाकून बसलोय. धाकटी म्हणते, बाबा, जरा पडा, ती छान श्वास घेतेय. घेतेय खरी. बघता बघता माझाच घ्यायचा राहून जातो.

ओरडा कमी, लोभ जास्त असावा.
तुझा भाऊ