पाटाच्या घंटेला पायमोजा

उंटरवाल,
१९ ऑक्टोबर

प्रिय झेंझीताई,

तुझं पत्र पोचलं. आधीची दोन्हीही पोचली होती, तेव्हा टपालवाल्यांना उगाच शिव्या देऊ नकोस. इकडे सगळं ठीक. सफरचंदं उतरली, गाई डोंगरावरून खाली आल्या, आणि एंगेलबर्टने नेहमीप्रमाणे दुसऱ्याचीच गाय आपल्या गोठ्यात बांधली.

मी इन्सब्रुकला तुझ्याकडे कायमची राहायला कधी येते, असं तू विचारलंस. खोलीला निळा रंग दिलास, पलंगही आला म्हणतेस. त्याचं उत्तर खाली देते. आधी इकडच्या बातम्या सांगते, नाहीतर राहून जातील.

गुडघा बरा आहे. तेही खाली येईलच.

पाटाकाठचा आपला शाळेचा रस्ता आठवतो ना? हमरस्ता नदीपलीकडे गेल्यापासून तिथे कोंबड्यांखेरीज कोणी फिरकत नसे. या वसंतात पर्यटन कचेरीतल्या पोरीने तिथे फलक ठोकला, ‘शांत सायकल रस्ता’. झालं! त्या शांत रस्त्यावर आता एवढी वर्दळ असते की फिलोमेनाची मांजर बागेतून वळसा घालून जाते. घट्ट चड्ड्या घातलेले पिकल्या वयाचे वकील आणि डॉक्टर खिंडीकडून उतारावर येतात, माझ्या दारात थांबतात आणि जेवायला काय आहे विचारतात. मग मीही मागची खोली भाड्याने द्यायला लागले. तुला आवडणार नाही हे माहीत होतं, म्हणून कळवलं नव्हतं.

जुलैत जर्मनीतल्या कीलहून टोमसेन नावाचे गृहस्थ आले. उंच, सभ्य, आणि झोपेच्या बाबतीत तान्ह्या बाळासारखे नाजूक. पहिल्याच दुपारी जेवण झाल्यावर त्यांनी मला खिडकीशी बोलावलं.

“बाई, ही घंटा कधी थांबते?”

“थांबत नाही.”

“पण फलकावर तर शांत रस्ता लिहिलंय!”

“अहो, ती वाजते म्हणून तर आम्ही शांत असतो,” मी म्हटलं.

त्यांना ते कळलं नाही. शहरात राहून तूही विसरली असशील. आपल्या पाटात ते छोटं लाकडी चाक असतं, पाण्याने फिरतं, आणि दर फेऱ्याला हातोडी घंटेवर पडते. घंटा वाजतेय म्हणजे पाणी चालू आहे. थांबली की वर कुठेतरी पाट फुटला, आणि मग उठा, कुदळ घ्या. वाजत असते तोवर आपल्या कानांना ती ऐकूही येत नाही.

तर त्या सभ्य गृहस्थांनी दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर आपला एक लोकरी पायमोजा हातोडीला घट्ट बांधला आणि ते झोपी गेले.

ताई, सगळं गाव दुपारच्या झोपेतून ताडकन उठलं! बायका कणकेच्या हातांनी बाहेर आल्या, पाद्रीबाबा बनियनवर. जो तो कुदळ-फावडं घेऊन वरच्या अंगाला धावत सुटला. सगळ्यांत पुढे फिलोमेना, कारण पाण्याची पाळी तिची होती. “माझी झाडं वाळवायला टपलेत मेले!” असं ओरडत ती पळत होती. आणि गंमत ऐक, त्यांच्या शेजारून पाट काठोकाठ भरून वाहत होता. पाणी कुठे थांबलं ते शोधायला अख्खं गाव पाण्याच्याच काठाने धावत होतं, आणि एकानेही खाली मान घालून बघितलं नाही. घंटा बंद म्हणजे पाणी बंद, डोळ्यांना कोण विचारतो?

मी मात्र गुडघ्यामुळे मागे राहिले, म्हणून मला तो पायमोजा दिसला. तो सोडला, घंटा पुन्हा वाजायला लागली, पण मंडळी पार वळणापलीकडे गेली होती. एंगेलबर्ट पाट समितीचा अध्यक्ष. तो वर पोचला की पाटाच्या मुखाशी फळी टाकून सगळं पाणी नदीत सोडणार, पाट फुटला की तसा रिवाजच आहे. मग पाट पुन्हा भरेपर्यंत फिलोमेनाची पाळी संपणार, आणि खापर माझ्या डोक्यावर. चालत तर मी पोचणं शक्य नव्हतं. दारात टोमसेनसाहेबांची सायकल उभी होती.

हो, बसले. घागरा कमरेला खोचला आणि बसले. लग्नानंतर मी सायकलीला हात लावला नव्हता. ती सायकल एवढी हलकी होती की वाटलं, मोडली तर आणखी एक खापर. पहिल्या चढाला गुडघा कुरकुरला, दुसऱ्या चढाला गप्प बसला. एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला सफरचंदाच्या बागा, खाली नदी, आणि मी दात-ओठ खाऊन पायडल मारतेय. ताई, मला इतकं हसू यायला लागलं की डोळ्यांत पाणी आलं.

पोचले, पण थांबायचं कसं ते आठवेना. थेट एंगेलबर्टवर गेले. तो फळी टाकून नुकता सरळ होत होता, तो पुन्हा वाकडा झाला. मी बसल्या जागेवरूनच पायमोजा उंच धरला.

“हे काय?” तो म्हणाला.

“पाट फुटलेला नाही. हे घंटेला होतं.”

“कोणाचं?”

“माझ्या पाहुण्याचं.”

फिलोमेना म्हणाली, “वा गं बाई! भाडं तुला आणि दुष्काळ मला!”

संध्याकाळी खानावळीत समिती बसली. पाहुण्याचा गुन्हा तो यजमानाचा, हा रिवाज तुला ठाऊक आहे. पाटकरी गॉटफ्रीड खुब्याचं ऑपरेशन होऊन पडला होता आणि रोज पाटावर फेरी मारायला कोणी तयार नव्हतं. तेव्हा शिक्षा अशी ठरली, की सफरचंदं उतरेपर्यंत पाट बुर्गलने, म्हणजे मी, बघायचा. सगळे हसले. एवढी मोठी गंमत गावात बऱ्याच दिवसांत झाली नव्हती. फिलोमेनाने आपल्या मेलेल्या नवऱ्याची सायकल आणून दिली आणि म्हणाली, “घे. त्यानेही कधी वेळेवर काही केलं नाही.”

तेव्हापासून रोज सकाळी त्या रस्त्याने मुखापर्यंत जाते. पाटातला पालापाचोळा काढते, फळ्या बघते, ज्याची पाळी त्याच्या बागेत पाणी सोडते. सायकलवाल्या वकिलांना मी हल्ली चढावर मागे टाकते. ते धापा टाकत “शाबास आजी” म्हणतात, मला ऐकू न आल्यासारखं करते. डॉक्टर म्हणाले गुडघ्याला यापेक्षा चांगलं औषध नाही. एंगेलबर्ट अजून मला लांबून बघितलं की बांधावर चढतो.

गेल्या रविवारी शिक्षा संपली. समितीने विचारलं, पुढच्या वसंतापासून कायमची पाटकरीण होतेस का? आजवर बाईला कोणी विचारलं नव्हतं. मला म्हणायला हवं होतं, बहिणीला विचारून सांगते. पण त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी हो म्हणून बसले.

तर ताई, मी येणार नाही. लिहिलं बाई एकदाचं.

पत्र फाडू नकोस, पुढे वाच. निळ्या रंगाचं वाचलं तेव्हा मला रडू आलं. आई गेल्यावर माझ्यासाठी कोणी खोली रंगवली नव्हती. माझं अंगण, माझा गुडघा, माझं म्हातारपण, सगळ्याची काळजी तू वाहिलीस. पण ओटोभावजी गेल्यापासून तुझ्या पत्रात स्वतःबद्दल एकच ओळ असते, ‘माझं काय, मी बरी आहे’, आणि बाकीची चार पानं माझ्या गुडघ्यावर. मला कळत नाही असं वाटतं का तुला? आधाराची गरज गुडघ्याला कधीच नव्हती, ताई. त्या घरात तुला एकटीला जेवण जात नाही, आणि ते तोंडाने कबूल करायचं नाही, इतकी तू आपल्या बापाची मुलगी आहेस.

मीही त्याच बापाची. म्हणून आधीच्या दोन पत्रांची उत्तरं टाळली.

बर्फ पडलं की पाट बंद होतो. तेव्हा त्या निळ्या खोलीत येऊन राहीन, तुझ्या हातचे डंपलिंग खाईन, आणि तू वाट्टेल तेवढी रागाव. पण वसंतात पाणी सोडायच्या दिवशी मला इथे असायला हवं, आणि तेव्हा एकटी परतायचा माझा विचार नाही. मागची खोली पाहुण्यांना देणं मी कालपासून बंद केलंय. रंग कुठला हवा ते कळव.

आणि यावेळी ‘मी बरी आहे’ असं लिहिलंस, तर मी ते पत्र न वाचता परत पाठवीन.

तुझं न ऐकणारी, आणि तुझ्यावाचून न करमणारी,
बुर्गल