शोभाची झोप

लातूर, मुलींचं वसतिगृह
मंगळवार, संध्याकाळ

आज टँकरच्या रांगेत शोभा पुन्हा झोपली, घागरीवर गाल टेकून. माझ्याच खोलीतली, माझ्याच वर्गातली. विद्यापीठाची परीक्षा तिलाही आहे, गावाकडची विहीर तिचीही आटलीय. मग हिलाच कशी लागते झोप? मी कित्येक रात्री टक्क जागी. जळकोटला बाबा भेटेल त्याला सांगतात, लातूर नवा जिल्हा झालाय, आमची पोरगी कचेरीत साहेब होणार. आणि नापास झाले तर?

घागरीवरचा तो निवांत गाल बघून इतकी जळले की तिला गदागदा हलवलं. "कशी गं झोपतीस तू?" आणि मग तोंडातून निघूनच गेलं, "मला तर जगूच नये वाटायलंय."

ती ताडकन उठली. "मरायचं मनात येतंय का गं?"

सरळ विचारलं. मी हो म्हणाले.

"मग आता एकटी ऱ्हायचं न्हाई. मी हाय."

पाण्याचा नंबर सोडून तिनं मला रेक्टरबाईंकडे नेलं. बाई रागावल्या नाहीत. उद्या सकाळी दोघी मला दवाखान्यात नेणार. बाबांनाही निरोप जाईल. त्याची भीती वाटते, तरी जरा हलकं वाटतंय.

शोभानं अंथरूण माझ्या अंथरुणाला लावलंय. "तू झोपल्याबिगर मी न्हाई झोपत," म्हणाली, आणि हे लिहीपर्यंत घोरायलाही लागली. मेला हेवा काही जात नाही. पण डोळे मिटता मिटता म्हणाली होती, "काही वाटलं तर लगेच उठीव." उठवीन.