बेल-भंडारा

माधवगंज, लश्कर, ग्वाल्हेर
३ नोव्हेंबर २०२५

ती. सुनंदाताईस कृष्णाचे शि. सा. न. वि. वि.

आमच्या समरच्या पायी मला फोन या वस्तूचीच किळस आली आहे, म्हणून हे पत्र. दसऱ्याला मी त्याला देवघरात खंडोबाच्या टाकासमोर बसवून बेल-भंडारा उचलायला लावला होता, हे तुला ठाऊकच आहे. हळदीनं माखलेल्या हातांनी शपथ घेतली त्यानं, फोनवरचा जुगार पुन्हा खेळणार नाही म्हणून. तीस वर्षांचा घोडा! आणि दिवाळीत विजयानं पाटल्या घालायला डबा उघडला तर आत काही नाही. स्वतःच्या आईच्या पाटल्या गहाण टाकून पैसे त्याच जुगाराच्या ॲपात घातले पठ्ठ्यानं.

आपल्या घरात बेल-भंडारा उचलून आजवर कुणी फिरलं नव्हतं, ताई. मी त्याला घराबाहेर काढलं. चंपाषष्ठीला तळीच्या ताटाला त्याला हात लावू देणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवतो. तुझ्याकडे देवासला आला असेल तर लाड करू नकोस. इकडे विजया जेवत नाही, आणि वर मलाच विचारते की पोरगं कुठं जेवलं असेल. हद्द झाली!

उत्तर जरूर पाठव, पण त्याची वकिली नको.

तुझा,
कृष्णा


देवास
९ नोव्हेंबर २०२५

चि. कृष्णास अनेक आशीर्वाद, आणि त्यांच्याहून जास्त बोलणी.

वकिली तर मी करणारच. समर माझ्याकडेच आहे. पाटल्यांचं त्यानं केलं ते वाईटच, त्याबद्दल मीही त्याला सोडलं नाही. पण एवढा राग अंगात आहे तर थोडा त्या कंपनीवर काढ की! जाहिरातीच्या शेवटी तो माणूस श्वास न घेता भरभर सांगतो, सवय लागू शकते, जबाबदारीने खेळा. अरे, जबाबदारीने खेळणाऱ्यांवर यांचं पोट भरतं होय? आता कायद्यानं बंदी आली, तर यांनी आडवाटेनं दुसरं ॲप काढलं. परवा माझ्यासमोर त्याला त्या ॲपचा निरोप आला, समरजी, आपकी बहुत याद आ रही है, बोनस तैयार है. बापानं हाकललेल्या पोराची आठवण कोण काढतंय बघ! माझ्या अंगाची लाही लाही झाली.

आणि तू? पोराला हे व्यसन जडलंय आणि तू त्याच्या हातात हळद दिलीस. दिवाळीआधी एकदा त्याचा हात घसरला. भंडारा उचलून मोडला म्हणजे आता घरात तोंड दाखवायची सोय नाही, असं त्याच्या मनानं घेतलं. मग हरलेलं भरून काढू आणि कुणाला कळायच्या आत मोकळे होऊ, म्हणून पुन्हा खेळला. पाटल्या त्यातच गेल्या. तुला सांगायला आला असता तर तू ऐकून घेतलं असतंस का, खरं सांग!

मी त्याला टेलिमानसचा सरकारी नंबर लावून दिला, १४४१६. पलीकडच्या मुलीनं ना उपदेश केला ना त्याची लाज काढली. सगळं ऐकून घेतलं, हे व्यसनच आहे, यावर उपचार असतात म्हणाली, आणि मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटायला सांगितलं. पगार काही दिवस घरच्या माणसाच्या हाती द्या, असंही म्हणाली. येत्या रविवारी त्याला गाडीत बसवते. दवाखान्यात तू न्यायचंस. पुन्हा त्याच्या हातात भंडारा दिलास तर मी तिथं येऊन तुझा कान पिरगाळीन, तुझी साठी उलटली असली तरी.

राग ओसरला की उरलेला लोभ इकडे पाठव.

तुझी,
ताई


माधवगंज, ग्वाल्हेर
२७ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस धुमसत होतो. मग नेलं त्याला. डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बसायला सांगितलं, याचाही राग आला. मी बाप आहे की नाही? समर बाहेर आला तेव्हा डोळे सुजलेले होते, पण घरी येऊन पोटभर जेवला. पगार आता विजया सांभाळते. त्याला साधा बटणांचा फोन घेऊन दिला आहे.

काल चंपाषष्ठी झाली. तळी उचलायला पाच पुरुष लागतात, आणि भावकीतले धरून आम्ही चौघेच जमलो होतो. समर दारात हात मागे बांधून उभा. मी हाक मारली. ताटाजवळ आला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला की बाबा, सोमवारी ऑफिसातल्या एकाचा फोन मागून मी पुन्हा खेळलो.

भावकीतले सगळे खाली बघायला लागले. माझं डोकं भणाणलं, तुझ्यापासून काय लपवू! जिभेवर काय काय आलं होतं. पण ताई, भंडारा उचलून ज्यानं सगळं लपवलं तो पोरगा या वेळी कुणी न विचारता सांगत होता. मी म्हटलं, उद्या डॉक्टरीणबाईंना हेच सांग, मी येतो सोबत. आणि आता ताट धर, खोबरं सांडेल.

त्यानं धरलं. तळी वर गेली तेव्हा येळकोटाच्या गजरात विजयाचा आवाज सगळ्यांच्या वर होता.

माझा राग अजून आहे, पण आता तो त्या बोनसवाल्यांच्या नावे. कान पिरगाळायला मात्र जरूर ये, तेवढ्यानं तरी तुझं येणं होईल.

तुझा,
कृष्णा