भर शर्यतीत बंद पडणारा डबा

५ एप्रिल, रविवार, संध्याकाळी ६

आज परत तेच. चारला पुण्याहून विशाखाचा फोन, की आई, बस. बसले. दर रविवारी आम्ही मायलेकी जोडीनं कॉम्प्युटरवर गाड्यांची शर्यत खेळतो, ती तिकडून, मी इथून. आठवड्यात तेवढाच एक तास पोरगी हाती लागते. दुसऱ्याच वळणावर स्क्रीन काळी. कॉम्प्युटरचा डबा बंद. तरी आमची जोडी आठात दुसरी आली. पूर्ण खेळले असते तर पहिली. उघड आहे.

विशाखा म्हणते, तिच्या सासूबाई पण शिकल्यात, मागं लागल्यात. डबा असाच बंद पडणार असेल तर पुढच्या रविवारी त्यांना बसवू का? म्हणलं, आठ दिवसांत दुरुस्त करते. करुणाबाईंना पोळी गोल लाटता येत नाय, त्या गाडी काय वळवणार.

६ एप्रिल, सोमवार

दोष लाईटचा आहे. फ्रिजचा प्लग काढून तिथं डबा लावला. वीस मिनिटं पळाला, मग बंद. फ्रिज परत लावायचं ह्यांच्या लक्षात राहिलं नाय. दूध नासलं. एकटीनं काय काय बघू?

७ एप्रिल, मंगळवार, दुपार

आज चालू असताना डब्याला हात लावला. नुसता तवा. सापडलं. ऊन लागतंय त्याला. माठाला ओलं फडकं गुंडाळलं की पाणी गार होतं. तोच नियम. जुनं लुगडं फाडलं, भिजवून पिळलं, चहूबाजूंनी गच्च गुंडाळलं. एक भोक उघडं ठेवलं नाय. हे म्हणाले, करंट लागेल. ह्यांना माठातलं गार पाणी तेवढं पाहिजे, अक्कल नको.

८ एप्रिल, बुधवार

बारा मिनिटं चालला. फडकं वाळलं होतं, म्हणून. आता दुहेरी गुंडाळलं.

९ एप्रिल, गुरुवार

सहा मिनिटं. डब्याला सवय व्हायला वेळ लागतो.

१० एप्रिल, शुक्रवार

चालूच होत नाय. पैठण गेटवरून निजामुद्दीनभाईंना बोलावलं, ते कॉम्प्युटर दुरुस्त करतात. त्यांनी फडक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत फडक्याकडं. म्हणाले, "भाभी, इसकू भी नाक है. तुमने तो कफन बांध दिया."

डबा उघडला. आतल्या पंख्यात धूळ, जुन्या गादीचा कापूस निघावा तशी. साफ केली, कसलासा मलम लावला, ओल वाळवली. विचारलं, फडक्याच्या आधी बंद का पडायचा? म्हणाले, धुळीनं. मी म्हणलं, म्हणजे माझ्या फडक्याचा दोष नाय. ते चहा पीत राहिले. माणूस समजदार आहे.

११ एप्रिल, शनिवार

चालू झाला. दोन तास सराव केला, एकदा पण बंद नाय. गाडी भिंतीला धडकते, पण तो रस्ताच अरुंद केलाय. करुणाबाईंना फोन करून सांगितलं, उद्या तुम्ही आराम करा. त्या बरं म्हणाल्या, पण आवाज पडला होता. लई बरं वाटलं.

१२ एप्रिल, रविवार, साडेपाच

शर्यत शेवटपर्यंत खेळले. डबा थंडगार. आठात आठव्या. एक चक्कर मी उलट्या दिशेनं मारली, म्हणे. बाण धड दाखवत नायत.

लगेच विशाखाचा फोन. आधी विचारलं, जेवलीस का. संध्याकाळी पाचला. तेव्हाच समजले, काहीतरी आहे. मग म्हणाली, "आई, तुझा डबा बंद पडला ना, की तुझी गाडी गेमच चालवतो. म्हणून आपण दुसऱ्या यायचो."

कधीपासून माहीत होतं? तर म्हणे पहिल्यापासून.

मग बोलली का नायस? म्हणाली, "तू एवढी हौसेनं बसायचीस."

मग मागून करुणाबाई विचारत होत्या, हो म्हणल्या का गं तुझ्या आई? म्हणलं, हो सांग.

पुढच्या रविवारी त्या बसणार. मला चार वाजता फोनवरून बघायला सांगितलंय. बघीन. चुका काढायला कुणीतरी जाणकार लागतंच.