चिंधी बांधलेलं वांगं

पौष महिना, गुरुवार, १९८७

चार दिवस वही उघडली नाही, चुकलं. आज राहवत नाही.

लेकीच्या बाळंतपणासाठी ही पाचोऱ्याला गेली आहे. तिने दळून ठेवलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पिठाच्या भाकऱ्या शेजारची विमल थापून देते. भरीत माझं मी करतो. आज परसातलं सर्वांत मोठं, पिवळसर वांगं तोडलं. देठाला लाल चिंधी होती. वाऱ्याने अडकली असेल म्हणून फेकली आणि वांगं कपाशीच्या काड्यांवर भाजलं. फोडलं तर आत नुसत्या बिया.

विमल भाकरी घेऊन आली आणि हसायलाच लागली, "आबा, हाई तं बीनं वांगं शे! चिंधीबी दिसनी नई का?"

दिसली होती, हेच तर. हिच्या माहेरचं बियाणं. दरसाल एक वांगं ती अशीच चिंधी बांधून बियांसाठी राखते. भाजलेलं बी कुठे उगवतं? कडू लागलं, तरी सगळं खाल्लं. टाकवेना.

झाडावर एक उशिराचं वांगं आहे. तीच चिंधी शोधून त्याला बांधली. पण ते बी धरेल का? मला काय कळतं?

पाचोऱ्याहून कोणी येत असेल तर निरोप धाड गं. लेकीचं कळव, वांग्याचंही. रागावून धाड, पण लवकर.