चोर बुटका आहे

३ जुलै
कुलगुरूंनी कॅम्पसच्या सायकल योजनेचं अध्यक्षपद मला दिलं. संस्कृत विभागाची कदर झाली! पहिलं अभिनंदन भौतिकशास्त्राच्या ताडमाड प्रमुखांचं. इतकं हसण्यासारखं काय होतं? लक्ष ठेवणे.

५ जुलै
कुठल्याही स्टँडवरून सायकल घ्या, कुठल्याही स्टँडला लावा. म्हणजे चोरांना आमंत्रणपत्रिकाच. उद्घाटनापर्यंत सगळ्यांना कुलपं घातली, किल्ली माझ्या खिशात. सायकलवरूनच गस्त घालणार. पोटही कमी होईल.

९ जुलै
एक सायकल गायब! काल मी नेमका लायब्ररीपाशी, सायकल झुडपात दडवून, ग्रंथपालांवर पाळत ठेवून होतो. ते सारा वेळ जांभया देत होते. अभिनय उत्तम. गुडघ्यानं संप पुकारला म्हणून सौ.ला फोन केला, ती गाडी घेऊन आली.

१२ जुलै
आणखी एक गेली. काल भौतिकशास्त्राच्या मागावर होतो. सायकल जिमखान्यामागे लपवली. ते दाताच्या डॉक्टरकडे गेले. दुखत नसणारच. परत गुडघा, परत गाडी. सौ. म्हणाली, अहो, जाता सायकलवर आणि येता गाडीत, हे कसं काय? हिलाही संशयितांत घ्यावं का? नको. गाडी तिची आहे.

१५ जुलै
कुलगुरूंचा निरोप: सोमवारी उद्घाटन. एक जरी सायकल कमी भरली तर योजना भौतिकशास्त्राकडे. तरीच ते हसणं!

१८ जुलै
माळीबुवांना झुडपात सायकल सापडली. कुलूप न मोडता उघडलेलं, सीट पार तळाला. समितीपुढे न्यायशास्त्राप्रमाणे अनुमान मांडलं: चोर आतलाच, किल्लीवाला आणि बुटका. सगळे माझ्याकडेच बघू लागले. दिपले असावेत. भौतिकशास्त्र म्हणाले, सर, जरा बसून दाखवता का हिच्यावर? बसलो. दोन्ही पाय छान टेकले. ग्रंथपालांची जांभई अर्ध्यावरच राहिली. मग भौतिकशास्त्र माळीबुवांना म्हणाले, जिमखान्यामागेही बघा.

२१ जुलै
उद्घाटनाची फीत भौतिकशास्त्रानं कापली. योजना त्यांची, किल्लीही त्यांची. माझ्या अनुमानात एकही चूक निघाली नाही, याबद्दल मात्र चकार शब्द नाही.
चालत घरी आलो. दारातच सौ. म्हणाली, आज काही विसरून नाही ना आलात? चष्मा होता. पिशवी होती. छत्रीही होती, पण माझी नव्हे. दांडा चांगलाच लांब. कुणीतरी ताडमाड माणसानं बदलली.
लक्ष ठेवणे.